संदर्भाचा रकाना

आमच्या पेढीत उन्हाळ्यात काम शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांकडून एक फॉर्म भरून घेतला जातो. नाव, पत्ता, कॉलेज, कितवे वर्ष, आणि सगळ्यांत शेवटी 'ओळख / संदर्भ' असा रकाना. हा फॉर्म कोणी तयार केला ते आता कोणाला आठवत नाही. मुंबई-पुण्याच्या मुलांना त्या रकान्यात काय लिहायचे ते सांगावे लागत नाही. कोणी वडिलांच्या मित्राचे नाव लिहितो, कोणी एखाद्या अशिलाचे. एकाने तर आमच्याच एका भागीदाराचे नाव लिहून त्यापुढे 'शेजारचे काका' असा खुलासा केला होता. काही वर्षांपूर्वी गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातून एक मुलगी आली. तिने सगळा फॉर्म सुवाच्य अक्षरात भरला आणि त्या शेवटच्या रकान्यात आपल्या जमातीच्या वैधता प्रमाणपत्राचा क्रमांक लिहिला.

"मॅडम, इथं हेच लिहा लागते ना?" तिने विचारले.

मी हो म्हटले. दुसरे काय म्हणणार? आजवर ज्या ज्या खिडकीपाशी तिला ओळख विचारली गेली, तिथे तिथे तिने कागदच पुढे केला होता. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचा सातबारा, जातीचा दाखला, मग तपासणी समिती. माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये या तपासणीची चौकट घालून दिली आणि पुढे महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. ही तपासणी हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. खोट्या दाखल्यांवर जागा लाटणाऱ्यांनी खऱ्या आदिवासींच्याच ताटातले ओढले आहे. पण तुमच्या लग्नात काय करतात, मयत कसे नेतात, देव कोणता, हे प्रश्न कचेरीतल्या टेबलापलीकडून विचारले जातात आणि वीस वर्षांच्या पोरीने त्यांची बरोबर उत्तरे द्यायची असतात. या प्रकाराला 'अ‍ॅफिनिटी टेस्ट' म्हणतात. ती काही एकमेव कसोटी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाला मार्च २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट करावे लागले.

वकिलीच्या धंद्यात ओळख म्हणजे वेगळीच चीज. मी साताऱ्याहून मुंबईला आले ती १९८६ च्या जूनमध्ये. कायद्याची पदवी होती, इंग्रजी बेताचे होते. मामांचे एक वर्गमित्र हायकोर्टात वकिली करत. मामांनी त्यांना पोस्टकार्ड टाकले. मी चेंबरमध्ये पोचले तेव्हा ते जेवायला निघाले होते. डबा हातात धरूनच म्हणाले, "बाळ्याची भाची ना? उद्यापासून ये." माझी मुलाखत एवढीच. पुढे काम शिकले, रात्री जागले, शिव्या खाल्ल्या, सगळे खरे. पण दार उघडले ते पंधरा पैशांच्या पोस्टकार्डाने. बरीच वर्षे मी ही गोष्ट सांगताना पोस्टकार्ड गाळत असे आणि सुरुवात थेट रात्री जागण्यापासून करत असे. त्या मुलीचा फॉर्म हातात आल्यापासून ती सवय सुटली.

या पुस्तकात आमच्या पेढीत उन्हाळा काढून गेलेल्या आदिवासी विद्यार्थ्यांच्या नोंदवह्यांतली पाने आहेत. माडिया, गोंड, कोलाम, वारली, कातकरी, पावरा, कोकणा अशा घरांतली ही मुले. दरवर्षी चार-पाच येतात. ती काय शिकली ते वाचकाने पानांतूनच वाचावे. माझ्या वाट्याला आले आहे ते एवढेच सांगणे, की असे काही करावे असे आम्हाला का वाटले, आणि करताना आमचे कुठे कुठे चुकले.

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला इंटर्नशिप सक्तीची आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २०. एका वर्षात सलग चार आठवड्यांच्या वर नाही. कुठे करायची तेही लिहिलेले आहे: वकिलाकडे, न्यायालयात, संस्थेत, कंपनीत, लॉ फर्ममध्ये. पोशाखही ठरवून दिला आहे, पांढरा शर्ट, काळा टाय, काळा कोट, काळे बूट. जागा मिळवायची कशी, एवढेच नियमात नाही. ते ओळखीवर सोडलेले आहे. ज्याची ओळख आहे तो फोर्टात येतो. ज्याची नाही तो तालुक्याच्या कोर्टात एखाद्या वकिलाला गाठतो, आणि तोही बिचारा मुलाला बसवायला खुर्ची नसल्यामुळे बारा आठवड्यांचा दाखला एका दुपारी सही करून देतो. कागदावर दोघांचे आठवडे सारखेच.

कोटाबद्दल लिहिलेच पाहिजे. मे महिन्यातल्या मुंबईत काळा कोट ही शिक्षाच आहे. पण तो अंगावर असणे ही चैन आहे, हे मला नंदुरबारच्या एका मुलामुळे कळले. त्याच्या कोटाच्या आतल्या खिशावर तीन वेगळ्या रंगांच्या दोऱ्यांनी तीन आद्याक्षरे काढलेली होती. वसतिगृहातल्या तिघांनी पैसे काढून एक कोट शिवून घेतला होता. माप मधल्या उंचीच्या मुलाचे. तिघांच्या इंटर्नशिपा त्यांनी अशा लावल्या होत्या की एकाची संपली की कोट एसटीने दुसऱ्याकडे जावा. आमच्याकडे त्याचे चार आठवडे ३१ मेला संपत होते. २९ तारखेला एक महत्त्वाची सुनावणी पुढच्या सोमवारवर गेली. "तू थांब ना दोन दिवस," असे मी सहज म्हणाले, तर तो गप्प झाला. कारण मला आठवड्याने कळले, तेही दुसऱ्याच कोणाकडून.

पैशांचा विषय आमच्या धंद्यात अशिलांपुरताच काढतात. शिकणाऱ्याने पैशांचे नाव काढणे असभ्य समजले जाते. सीनियरने पायाशी बसू दिले हेच पुष्कळ. ही रीत ज्यांच्या घरी दोन वर्षे बिनपगारी बसायची सोय आहे त्यांनीच पाडली आणि त्यांच्याच सोयीची आहे. परवापरवापर्यंत सनदेला लागणारी रक्कमसुद्धा कायद्यातल्या आकड्याच्या कितीतरी पट होती. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये नोंदणी शुल्क आहे ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला १२५. प्रत्यक्षात निरनिराळ्या नावांखाली राज्याराज्यांच्या बार कौन्सिली हजारांत पैसे घेत, काही ठिकाणी ४० हजारांच्या पुढे. गौरव कुमार खटल्यात ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअर वकिलांना शहरात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार विद्यावेतन द्यावे असे परिपत्रक काढले. ते शिफारशीपुरतेच आहे, आणि शिफारशीचे आमच्याकडे काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. इंटर्नबद्दल तर त्यात अक्षर नाही. आम्ही इंटर्नला राहण्याचे भाडे, रेल्वेचा पास आणि हातखर्च द्यायचे ठरवले तेव्हा आमच्याच बैठकीत एक भागीदार म्हणाले, "मग बाकीच्यांनाही द्यावे लागेल." द्यावे लागले. त्यात वाईट काय झाले ते मला अजून समजलेले नाही.

आता मूळ प्रश्न. व्यापारी कज्जे चालवणाऱ्या पेढीला या मुलांची गरज काय? याचे उत्तर दयेच्या भाषेत देता येते आणि बहुतेक वेळा तसेच दिले जाते. मला ते एका जुन्या कलमात सापडते.

महाराष्ट्रात आदिवासींच्या बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्यासाठी १९७४ चा कायदा आहे. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात झालेले व्यवहार त्याखाली उलटवता येतात. त्यात ९-अ असे एक कलम आहे: या कायद्याखालच्या कामकाजात कोणत्याही पक्षाच्या वतीने वकिलाला उभे राहता येणार नाही. वकिलांना हे झोंबणारच होते. लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार खटल्यात प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि न्यायालयाने कायद्याबरोबर ते कलमही उचलून धरले. विचार साधा होता. वकील परवडणार तो जमीन घेणाऱ्याला. तो देणाऱ्याला परवडणार नाही. तेव्हा सामना बरोबरीचा करायचा तर वकिलालाच बाहेर ठेवा. मी हे कलम विद्यार्थीदशेत पाठ केले होते आणि त्यात अपमान आहे हे माझ्या लक्षात आले नव्हते. विधिमंडळाने आमच्या सबंध व्यवसायाबद्दल गृहीत धरले होते की वकील म्हणजे समोरच्या बाजूचा माणूस. आणि ते गृहीतक चुकीचे नव्हते.

तो काळ बदलला असे म्हणावे तर वरच्या पायरीवरचे आकडे तसे सांगत नाहीत. २०१८ पासून जुलै २०२३ पर्यंत देशभरातल्या उच्च न्यायालयांत ६०४ न्यायाधीश नेमले गेले. त्यांत अनुसूचित जमातींचे ९. हे आकडे सरकारनेच संसदेत दिलेले आहेत. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर २०११ च्या जनगणनेत आपल्याकडे आदिवासींची संख्या एक कोटी पाच लाखांवर होती, म्हणजे दर अकरा माणसांत साधारण एक. आमच्या पेढीत, ती मुलगी आली त्या दिवशी, एकही नव्हता.

आणि कायदा तर थांबत नाही. २००६ चा वनहक्क कायदा आला, त्याचे दावे ग्रामसभेपासून उपविभागीय आणि जिल्हा समितीपर्यंत जाऊ लागले, फेटाळले जाऊ लागले. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना वनजमिनीवरून काढायचा आदेश दिला आणि पंधरा दिवसांत, २८ तारखेला, स्वतःच तो स्थगित केला. २०२० च्या मे महिन्यात महाराष्ट्राच्या राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतला आपला अधिकार वापरून जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय पातळीवर अपिलाची सोय केली. अपील आले म्हणजे मुद्दे आले, मुद्दे आले म्हणजे कागद, आणि कागद आले की कोणीतरी ते वाचणारा लागतो.

कागद वाचण्यावरून एक प्रसंग सांगते. पेढीने मोफत घेतलेल्या अशाच एका सामूहिक वनहक्काच्या प्रकरणात गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब जोडलेले होते. मूळ जबाब गोंडीत दिलेले, ग्रामसेवकाने मराठीत उतरवलेले, आणि आमच्या ऑफिसने भाषांतरकाराकडून इंग्रजीत करून घेतलेले. कम्पायलेशन लावायचे काम त्या धानोऱ्याच्या मुलीकडे होते: पाने क्रमाने लावणे, आकडे टाकणे, महत्त्वाच्या पानांना रंगीत फ्लॅग चिकटवणे. दुपारी तीनच्या सुमारास कॉन्फरन्स रूममधून हसण्याचा आवाज आला. चार आठवड्यांत तिचा तेवढा मोठा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. मी आत गेले तर तिने एक पान पुढे केले. 'गावाच्या उत्तरेला मोठ्या मोहाखाली आमचे पेनठाणे आहे, बापजाद्यांपासून आहे,' असे मराठी जबाबात होते. इंग्रजीत झाले होते: आमच्या लेखण्या ठेवायची जागा.

गोंडीत पेन म्हणजे देव. पेनठाणा म्हणजे देवाचे ठिकाण.

हसून झाल्यावर तिने नियमांचे पुस्तक उघडले. वनहक्क नियमांच्या तेराव्या नियमात पुराव्यांची यादी आहे. जुन्या विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळे, आणि वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले जबाब हे सगळे त्या यादीत बसते. म्हणजे त्या एका वाक्यात दोन पुरावे होते, पवित्र स्थळ आणि वडीलधाऱ्याचा जबाब, आणि आम्ही त्यांचे टाकाचे दुकान केले होते. ते कागद आमच्या दोन सहकाऱ्यांनी वाचले होते. मीही वाचले होते. 'लेखण्या ठेवायची जागा' वाचून आम्हाला तिघांनाही काही खटकले नाही. आदिवासी आहेत, असेल काहीतरी, एवढाच विचार मनात आला असणार. त्या 'असेल काहीतरी'ने किती दावे बुडवले असतील याचा हिशोब कोणाकडे नाही.

हा प्रसंग मी बऱ्याच ठिकाणी सांगितला आणि त्यातूनच आमची पुढची चूक झाली. दुसऱ्या वर्षी आलेल्या मुलांना आम्ही उत्साहाने फक्त जमिनीची आणि जंगलाचीच कामे दिली. पालघरच्या एका मुलाने दहा दिवस ती निमूट केली आणि अकराव्या दिवशी दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, मला आर्बिट्रेशनमध्ये बसायचंय. जंगल मी घरी बघतो." त्याचे बरोबर होते. ब्राह्मण मुलाला आम्ही देवस्थानच्याच केसेस देत नाही. आदिवासी विद्यार्थ्याला कंपनी कायद्यातला, करांमधला, जहाजांच्या कज्ज्यांतला वकील व्हायचा तेवढाच हक्क आहे, आणि गावाचे ओझे त्याने आयुष्यभर खांद्यावर घेतलेच पाहिजे असा आग्रह आपण कोण धरणार? तो मुलगा आज बांधकाम कंत्राटांच्या लवादांत काम करतो आणि त्याचे इंग्रजी मसुदे आमच्यापेक्षा नेटके असतात.

पहिल्या वर्षाच्या निरोप समारंभाबद्दल लिहू नये असे पेढीतल्या एक-दोघांचे मत होते. लिहिते. चहा-समोशांनंतर कोणीतरी, वाईट हेतूने अजिबात नाही, मुलांना म्हणाले, "तुमचा एखादा डान्स होऊन जाऊ दे." चौघेही उभे राहिले नाहीत. मग त्यांच्यातली कोलाम मुलगी हसून म्हणाली, "आधी तुमचा गणपतीतला दाखवा सर." सगळे हसले, वेळ निभावली. तिच्या नोंदवहीत त्या तारखेला एकच ओळ आहे: 'समोसे चांगले होते.' ती आम्ही आहे तशी छापली आहे.

शिकवणाऱ्याला काय म्हणायचे यावरही वाद झाला. मेंटॉर हा शब्द आमच्या एचआर विभागाने आणला. मार्गदर्शक म्हटले की मला पीएचडी आठवते. कोणीतरी गुरू सुचवले, तेव्हा मी त्यांना २०११ चे एक निकालपत्र वाचायला दिले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या एका भिल्ल स्त्रीवरच्या अत्याचाराच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकलव्याची गोष्ट काढली आहे, आणि अंगठा मागणाऱ्या द्रोणाचार्यांबद्दल अत्यंत कडक शब्द वापरले आहेत. आदिवासी विद्यार्थ्यापुढे गुरू हा शब्द जपूनच वापरावा. शेवटी धंद्यातला जुना शब्दच राहिला, सीनियर.

सीनियरने करायचे तरी काय? कायदा कॉलेजात शिकवतात, बराबुरा. जे शिकवत नाहीत ते इतके बारीक असते की शिकवायचे असते हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. रात्री उद्याचा बोर्ड कसा बघायचा. आपले मॅटर सत्तराव्या क्रमांकावर असेल तर पोचेल की नाही याचा अंदाज कसा बांधायचा. रजिस्ट्रीने काढलेली ऑब्जेक्शन्स कोणत्या टेबलावर जाऊन दूर करायची आणि तिथल्या माणसाशी कोणत्या सुरात बोलायचे. कोर्टात शिरताना वाकायचे, निघताना वाकायचे, न्यायाधीश बोलत असताना मध्ये शिरायचे नाही, पण थांबले तर नेमक्या त्याच क्षणी बोलायचे. तारीख मागणे ही तर एक वेगळीच कला आहे. हे सारे मला कोणी शिकवल्याचे आठवत नाही, कारण मी सीनियरच्या मागे चालत असे आणि ते होत जाई. मागे चालायला कोणी मिळणे हीच ती गोष्ट. बार रूममध्ये जेवायला नेऊन चार जणांना "ही माझी ज्युनिअर" असे सांगणे, हे मी दिलेल्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा मोलाचे ठरले असे या वह्या वाचताना दिसते. त्या दोन शब्दांत सीनियर आपली ओळख उसनी देत असतो. आमच्या धंद्यातले खरे भांडवल तेच, आणि वारसाहक्काने जाते तेही तेच.

बाहेरच्या देशांत हे काम अधिक रीतसर चालते. कॅनडात सस्कॅचवान विद्यापीठाने १९७३ मध्येच मूलनिवासी विद्यार्थ्यांसाठी कायद्याच्या पदवीआधीचा उन्हाळी अभ्यासक्रम सुरू केला. ऑस्ट्रेलियात पॅट ओशेन १९७६ मध्ये पहिल्या आदिवासी बॅरिस्टर झाल्या, बॉब बेलेअर १९९६ मध्ये पहिले आदिवासी न्यायाधीश. आणि २००९ मध्ये सुरू झालेली करिअरट्रॅकर्स ही संस्था तिथल्या आदिवासी विद्यार्थ्यांना कंपन्यांत आणि पेढ्यांत पगारी, वर्षानुवर्षे चालणारी इंटर्नशिप मिळवून देते. 'पगारी' आणि 'वर्षानुवर्षे' हे दोन शब्द आम्ही तिथूनच उचलले. पहिल्या उन्हाळ्यात मूल बुजलेले असते, दुसऱ्यात काम करते, तिसऱ्यात चुका दाखवते. एकाच उन्हाळ्यावर थांबलो तर पदरात फक्त बुजणे पडते.

पण मला ऑस्ट्रेलियातली खरी गोष्ट आठवते ती या संस्थेच्याही आधीची. टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठात एडी माबो नावाचा टॉरेस स्ट्रेटमधल्या मेर बेटाचा माणूस माळीकाम करत असे. इतिहासाचे दोन प्राध्यापक, हेन्री रेनॉल्ड्स आणि नोएल लूस, त्याचे मित्र झाले होते. १९७४ च्या सुमारास एकदा दुपारचे खाणे खाताना तो आपल्या बेटावरच्या जमिनीबद्दल बोलत होता: हद्दी कुठे, वडिलोपार्जित तुकडा कोणता. कायद्याने ती जमीन तुझी नाही, राणीसरकारची आहे, हे त्या दोघांनी त्याला त्या जेवणात सांगितले. त्याचा विश्वास बसेना. त्या अविश्वासातून उभा राहिलेला खटला ३ जून १९९२ ला निकाली लागला आणि ऑस्ट्रेलिया खंड इंग्रज येण्यापूर्वी कायद्याच्या दृष्टीने बेवारस होता ही दोनशे वर्षांची समजूत कोसळली. माबो त्याच वर्षीच्या जानेवारीत वारला होता. त्या जेवणाच्या टेबलावर कोण कोणाला शिकवत होते? प्राध्यापकांना कायदा माहीत होता आणि माबोला हद्दी. एकाचे ज्ञान दुसऱ्यावाचून कोर्टात उभे राहिले नसते.

तशी इतक्या लांब जायची गरज नव्हती. धानोरा तालुक्यातच मेंढा-लेखा आहे. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक, आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आलेले गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे त्या कामामुळे सर्वदूर गेली. पण त्या गावातली मला सर्वांत हेवा वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांचे अभ्यासगट. निर्णय ग्रामसभेने घ्यायचा, सर्वसहमतीने. त्याआधी ज्यांना विषय समजून घ्यायचा ते बसून कायदा वाचणार, बाहेरचा जाणकार बोलावणार, त्याला प्रश्न विचारणार. जाणकाराने माहिती द्यायची, निर्णयात तोंड घालायचे नाही. आमच्या पेढीत दर शुक्रवारी दुपारी इंटर्न आणि वकील मिळून एक निकालपत्र वाचतात, ती कल्पना त्या धानोऱ्याच्या मुलीने दिली. पहिल्याच शुक्रवारी एक अट तिने घातली, की सीनियरांनी शेवटी बोलायचे. ती पाळणे आम्हाला जड जाते.

वह्यांच्या संपादनाबद्दल दोन शब्द. मुलांची मराठी आम्ही 'शुद्ध' केलेली नाही. 'करा लागते' तसेच आहे, पावरी आणि वारलीतले शब्द आहेत तसे आहेत, जिथे अर्थ लागणार नाही तिथेच मुलांना विचारून तळटीप दिली आहे. अशिलांची नावे आणि खटल्यांचे तपशील काढले आहेत, ते धंद्याचे बंधन. मुलांनी आपली नावे छापू नका म्हटले, म्हणून तीही नाहीत. हिशोबाची पाने मात्र ठेवली आहेत. पहिल्या आठवड्यात जेवणावर किती, पासावर किती, बूट पॉलिशवर किती, हे वाचताना कंटाळा येईल असे एका परीक्षकाने कळवले. येऊ दे. ज्यांना इंटर्न ठेवायचे आहेत त्या पेढ्यांनी बाकी काही वाचले नाही तरी ती पाने वाचावीत.

फॉर्ममधला तो रकाना काढून टाकायचे मध्यंतरी ठरले होते. मग राहिला, कारण नवे फॉर्म छापायचे कोणी मनावर घेतले नाही. यंदाच्या मार्चमध्ये त्या धानोऱ्याच्या मुलीचा फोन आला. ती आता गडचिरोलीच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. म्हणाली, "मॅडम, कुरखेड्याकडची एक पोरगी पाठवून राहिली. संदर्भात माझं नाव लिहिलं तिनं. चालते ना?"

चालते म्हटले. राहायची सोय सांगितली, वडश्याहून गाडी कोणती ते तिलाच जास्त माहीत होते. मग मला आठवले म्हणून विचारले, कोट आहे का तिच्याकडे?

"माझाच देऊन राहिली," ती म्हणाली, "पण बाह्या आखूड होते तिला. तुमच्याकडं कोणी शिंपी आहे का?"